सोळा घाण्यांचा चुरा

ता. ९ फेब्रुवारी १९३९, गुरुवार. रक्कम नऊ रुपये दहा आणे. हजर चौघे : पोह्यांच्या गिरणीचे शेठ, त्यांचा मेहुणा, भट्टीवर भात भाजणारी बाई आणि मी, गिरणीचा कारकून. जागा गिरणीची कचेरी, म्हणजे शहापुराहून आटगाव स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची पत्र्याची एक खोली. भिंतीपलीकडे ऑइल इंजिन दिवसभर धडधडे, त्यामुळे तिथे साधे बोलणेही ओरडूनच करावे लागे. त्या दिवशी मात्र इंजिन बंद असते तरी आवाज चढलेच असते.

ही रक्कम त्या बाईच्या मजुरीतून कापलेली होती. डिसेंबरात तीन रुपये चौदा आणे, जानेवारीत चार रुपये सहा आणे आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठ दिवसांत एक रुपया सहा आणे. तिला रोज सहा आणे मिळत. महिन्याचे सव्वीस दिवस एकही खाडा न करता राबली तरी हातात पुरते दहा रुपये पडत नसत. म्हणजे सव्वादोन महिन्यांत तिची जवळजवळ एका महिन्याची कमाई चुऱ्यापायी गेली होती. आणि त्या दिवशी शेठनी तिला एवढ्यासाठीच बोलावले होते, की महिनाअखेर तिने भट्टी सोडावी. तिच्या जागी मेहुण्याने कल्याणहून आणलेला भाजणारा बसेल.

चुरा म्हणजे काय ते सांगतो. आमच्या गिरणीत भात गरम पाण्याच्या दोन हौदांत भिजत घालीत. भिजलेले भात निथळून भट्टीवर नेत आणि लोखंडी कढईतल्या तापल्या वाळूत थोडे थोडे टाकून भाजत. ते गरम असतानाच लोखंडी थाळ्यात फिरणाऱ्या जाड चाकाखाली जाई आणि दाणा चपटा होऊन पोहा पडे. मग चाळणी. वर राहतो तो पोहा, खाली पडतो तो चुरा. एका घाण्यामागे, म्हणजे एका खेपेस भाजायच्या मणभर भातामागे, दोन शेर चुरा शेठना मान्य होता. त्यावर गेला की भाजणाराची मजुरी कापायची, असा गिरणीचा रिवाज. भिजवणाराची नाही, चाक फिरवणाराची नाही, भात विकत घेणाराची तर नाहीच नाही. भाजणाराचीच का, असे मी एकदा विचारले तेव्हा शेठ म्हणाले होते, "विस्तव त्याच्या हातात असतो ना!"

तिला गिरणीत सगळे मावशी म्हणत, मीही म्हणे, जरी तिचे आणि माझे वय सारखेच असावे. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो.

"शेठ, हात बदला, चुरा बंद," मेहुणा म्हणाला. "मी करून दाखवलंय. आमचा माणूस दोन दिवस बसवला. दोन्ही दिवस चुरा दोन शेराच्या आत. कारकुनाच्याच वहीत आहे. विचारा."

शेठनी माझ्याकडे पाहिले. वहीत तसेच होते. मी मान हलवली.

"अठरा वरसं हाच हात हाय माझा," मावशी म्हणाली. "औंदाच काय त्याला कीड लागली?"

"वय झालं, मावशी," मेहुणा म्हणाला.

"वय तुमच्या डोल्यांचं झालंय. भात कोनचा व्हता तो बगा आधी. मंग माझा हात बगा."

"बघा बघा! आता भाताचा दोष!" मेहुणा हसला. "उद्या म्हणेल, तानसाच्या पाण्याचा दोष."

"पान्याचा पन असंल. मी काय पान्यात बसतंय? तुमीच ते हौदाचं टाइम बदललं ना?"

शेठनी दोन्ही हात वर केले आणि बोलणे संपवले. महिनाअखेरपर्यंतच. तिने काही विनवणी केली नाही. पदराने कपाळाची राख पुसली आणि ती भट्टीवर परत गेली, कारण कढईत वाळू तापलेली होती.

मी वही उघडून बसलो. माझ्या वहीला नावे ठेवायला आजवर कोणी जागा शोधू शकला नाही. तारीख, घाण्याचा नंबर, भाजणार कोण, चुरा किती. सगळे वेळच्या वेळी, खाडाखोड नाही. त्याच वहीवरून दर महिन्याला कपात निघे आणि बेरीज मीच करी. बेरीज कधी चुकली नाही. पण त्या दुपारी मला दिसले, की माझ्या वहीत भात कोणते होते याचा रकानाच नाही. किती रात्री भिजले याचाही नाही. भाजणाराचा तेवढा आहे. ज्या गोष्टीला रकाना नाही तिच्यावर दोष कसा येणार? रकाना एकाच माणसाचा होता, म्हणून दोषही त्याच माणसाचा निघाला. आणि ती वही मी आखली होती. मला मेहुण्याचा राग आला होता त्याहून जास्त त्या क्षणी स्वतःचा आला.

भाताच्या आवकेची वही वेगळी असे. ती काढून दोन्ही समोरासमोर ठेवल्या. कल्याणचा माणूस बसवला त्या दोन्ही दिवशी हौदात आमच्या आसपासच्या माळावरचे हळवे भात होते, म्हणजे लवकर तयार होणारे, बारीक दाण्याचे. आणि ज्या दिवशी चुरा पाच शेरांवर गेला होता त्या बहुतेक दिवशी धसईकडच्या गाड्या आलेल्या होत्या. तिकडचे भात गरवे, खोल खाचरांतले, जाड सालीचे. मी वह्या घेऊन शेठकडे गेलो.

मेहुण्याचे उत्तर तयार होते. "धसईचं गरवं भात काय आज येतंय? दहा वर्षं येतंय. तेव्हा नव्हता कधी एवढा चुरा. तेव्हा बाई बरी भाजायची, आता नाही भाजत."

हेही खरे होते. पण दहा वर्षे बहुतेक तेच भात येई आणि ते दोन रात्री भिजत असे; माळावरचे हळवे यंदाच जास्त येऊ लागले होते. यंदा दिवाळीनंतर मेहुण्याने ते एका रात्रीवर आणले, म्हणजे हौद रोज मोकळा होतो आणि माल दुप्पट निघतो. त्यानेही करूनच पाहिले होते म्हणे : एक घाणा एक रात्र भिजवला, पोहे उत्तम उतरले, लगेच कायदा. तो घाणा हळव्या भाताचा होता हे आवकेच्या वहीतून मला आता कळत होते.

म्हणजे तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या : भात, भिजवणूक आणि हात. प्रत्येकाने त्यातली आपल्या सोयीची एक उचलली होती आणि एका घाण्यावर निकाल लावून मोकळा झाला होता. मला आजही चीड येते ती या 'करून दाखवलंय' या शब्दांची. काहीच करून न पाहणारा माणूस निदान गप्प तरी बसतो. अर्धवट करून पाहणारा छातीला हात लावून सांगतो, आणि त्याचे खापर फुटते ते ज्याचे कोणी ऐकून घेत नाही त्याच्यावर.

गिरणीत येण्याआधी मी चार वर्षे एका सरकारी भातफार्मवर नोंदी ठेवायला होतो. तिथे कोणते बी कोणत्या वाफ्यात लावायचे हे साहेब स्वतः ठरवत नसत, चिठ्ठ्या टाकत. मला ते पोरखेळ वाटे. एकदा विचारले तेव्हा साहेब म्हणाले, "तू ठरवलंस तर तुझ्या आवडीचं बी तू पाणथळ वाफ्यात कधी लावणार नाहीस. मग पीक बियाने आलं की वाफ्याने, हे आपल्याला कोण सांगणार?" आणि तिथे खत, बी, लावणीचे अंतर यांची सगळी जोडणी लावत, या खताबरोबर हे बी, त्या खताबरोबर तेच बी, असे. एकेक गोष्ट सुटी बदलून पाहत नसत. मी चार वर्षे त्या आकड्यांच्या बेरजा केल्या आणि गिरणीत आल्यावर सगळे विसरलो. पोह्यांना ते लागू पडेल हे मला सुचलेच नाही. इतक्या उशिरा सुचले याची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतो.

शुक्रवारी मी शेठना सांगितले : भात दोन तऱ्हेचे, भिजवण दोन तऱ्हेची, हात दोन. दोन दुणे चार, चार दुणे आठ. आठही जोड्या करून पाहू, आणि प्रत्येक जोडी दोनदा, म्हणजे एकदा चुकून आले असे कोणी म्हणायला नको. सोळा घाणे. रोजच्या कामाइतकेच काम, दोन दिवस.

"आणि माल बिघडला तर?"

"आता रोज बिघडतोच आहे. निदान कशाने ते कळेल."

शेठ मेहुण्याकडे पाहू लागले. मला वाटले होते तो मोडता घालील. तो म्हणाला, "होऊन जाऊ दे, दाजी. कारकुनाच्या हातूनच सिद्ध होऊ दे." त्याला आपल्या बाजूची एवढी खात्री होती. त्याबद्दल मात्र मी त्याचा आभारी आहे.

घरी जेवताना पाटीवर आकृती काढत बसलो तर बायको म्हणाली, "पोह्यांची पत्रिका मांडताय होय? मंगळ आहे का बघा." आणि मग, भात वाढता वाढता, "त्या बाईचं काम जाणार म्हणतात ते खरं?" मी हो म्हटले. "मग नीट मांडा," एवढेच म्हणाली आणि कंदील माझ्याजवळ सरकवला.

नीट मांडतो म्हणणाऱ्याने पहिलीच चूक कशी केली ते सांगतो. मी ठरवले होते, की सोमवारी एका रात्रीचे आठ घाणे आणि मंगळवारी दोन रात्रींचे आठ. भिजवायला सोपे. शनिवारी सकाळी मी हे मावशीला समजावून सांगत होतो. ती कढईतली वाळू चाळत ऐकत होती.

"आनि पैला घाना कोनाचा?" तिने विचारले.

"का?"

"सकालची वालू गार असते, भाऊ. पैल्या घान्याला चुरा पडतोच, कोनाचाबी असूं दे. तो माझ्या माथी मारनार काय?"

मी कागदावर पहिल्या घाण्यापुढे फुली मारली.

"आनि सोमवारी लाकूड वलं निघालं, मंगलवारी सुकं, तर मंग तुमी म्हननार दोन राती बऱ्या. लाकडाचं कोन मोजनार?"

फार्मवर साहेबांनी हेच सांगितले होते, फक्त वाफ्यांबद्दल. ते मी विसरलो होतो आणि जिने कधी फार्म पाहिले नाही, जिला वाचता येत नाही, ती मला ते भट्टीजवळ उकिडवी बसून सांगत होती. मी कागद फाडला. नवे ठरले ते असे : दोन्ही दिवशी आठही जोड्या आल्या पाहिजेत, म्हणजे लाकूड ओले निघाले तरी सगळ्यांनाच ओले. रोज सकाळी पहिला अर्धा तास साधे भात भाजून वाळू तापवायची, ते मोजायचे नाही. आणि आठांचा क्रम चिठ्ठ्यांनी.

इंजिनाच्या तेलाची अर्धी कापलेली बारा पिंपे धुऊन घेतली. शनिवारी संध्याकाळी चार भरली, रविवारी संध्याकाळी आठ, सोमवारी संध्याकाळी रिकामी झालेली चार पुन्हा भरली. प्रत्येकात एक मण, शेठसमोर तोललेला. प्रत्येकावर पत्र्याचा तुकडा बांधला, त्यावर फक्त नंबर. कोणता नंबर म्हणजे काय, हे माझ्या कोटाच्या आतल्या खिशातल्या कागदावर होते. चाळणीवर जो हमाल चुरा तोलायचा त्याला नंबराखेरीज काही माहीत नव्हते. भट्टी चाळणीपासून भिंतीआड होती, आणि ते दोन दिवस भाजणाऱ्या दोघांखेरीज आणि माझ्याखेरीज तिकडे कोणी फिरकायचे नाही असे शेठकडून कबूल करून घेतले होते. हे मी मुद्दाम केले. तोही मावशीला मावशीच म्हणत होता, आणि तराजूची दांडी बोटाने किती सहज हलते हे मला माहीत आहे.

सोमवारी सकाळी चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या तेव्हा गिरणीतले झाडून सगळे जमले.

"लॉटरी हाय काय रे?" इंजिनवाला ओरडला. "मला पन एक तिकिट द्या!"

"तुला लागली तर भट्टीवर बसशील काय?" मावशी म्हणाली. "मिशा जलतील."

पहिली चिठ्ठी शेठनी स्वतः काढली. तिसऱ्या नंबरचे पिंप; हात कोणाचा ते मलाच ठाऊक. कल्याणवाला बिचारा अवघडून उभा होता. मनाने वाईट माणूस नव्हता. बसायच्या आधी त्याने मावशीला विचारले, "वाळू किती ठेवता तुम्ही?" तिने मुठीने दाखवले. मेहुण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

दुपारी मेहुणा माझ्याभोवती फिरू लागला. "कारकून, तो अकरा नंबर कोणाचा?"

"उद्या संध्याकाळी सांगतो."

"चुरा साडेपाच शेर पडलाय त्याला! बाईचाच ना?"

"उद्या."

"मी मालकाच्या घरचा माणूस आहे."

"म्हणूनच उद्या," मी म्हणालो. त्या दोन दिवसांत मी कोट अंगातून काढला नाही. फेब्रुवारीचे ऊन आणि शेजारी भट्टी. पाठीला घामोळे आले. पण कागद खिशातून बाहेर आला नाही.

मंगळवारी संध्याकाळी सोळावा घाणा चाळून झाला. इंजिन बंद केले. शेठ, मेहुणा, मावशी, कल्याणवाला, हमाल, इंजिनवाला सगळे कचेरीत आणि दारात. मी हमालाचा कागद आणि माझा कागद शेजारी ठेवून आकडे मोठ्याने वाचले आणि बेरजा सगळ्यांसमोर केल्या.

आधी हातांचे. मावशीच्या आठ घाण्यांचा चुरा पावणेपंचवीस शेर. कल्याणवाल्याच्या आठांचा सव्वापंचवीस. आठ मण भातामागे फरक अर्ध्या शेराचा, आणि तोही मावशीच्या बाजूचा. तेवढा फरक तर तिच्या स्वतःच्याच दोन घाण्यांत पडत होता. म्हणजे हातात फरक नव्हता.

मग भिजवणुकीचे. एक रात्र भिजलेल्यांचा सरासरी चुरा मणाला साडेतीन शेर, दोन रात्री भिजलेल्यांचा पावणेतीन. "हे बघा, फार काही नाही," मेहुणा लगेच म्हणाला. आणि नुसते एवढेच विचारले असते तर तो बरोबर ठरला असता. म्हणून मी पुढचे वाचले. हळवे भात एक रात्र : दोन शेर. हळवे दोन रात्री : चार, कारण ते फुगून मऊ होते आणि चाकाला चिकटते. गरवे एक रात्र : पाच शेर, कारण दाण्याचा गाभा कोरडाच राहतो आणि चाकाखाली फुटतो. गरवे दोन रात्री : दीड शेर. दीड! दिवाळीपासून गिरणीत इतका कमी चुरा पडला नव्हता.

भात चांगले की वाईट, रात्र एक की दोन, हे प्रश्नच चुकीचे होते. कोणत्या भाताला किती रात्री, हा प्रश्न होता. आणि तो विचारायचा तर दोन्ही गोष्टी एकत्र बदलून पाहाव्या लागतात. एकेक सुटी बदलणाऱ्याला त्याचे उत्तर जन्मात मिळणार नाही.

मग कल्याणवाला म्हणाला, "बाईंचा हात नि माझा हात एकच आहे. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं यांना."

"केव्हा म्हटलंस?" मेहुणा उसळला.

"तुम्ही ऐकलं नाहीत तेव्हा."

शेठ धूर्त माणूस. त्यांना कागद लगेच कळला. दुसऱ्या दिवसापासून डावा हौद धसईच्या भाताला, दोन रात्री. उजवा हळव्याला, एक रात्र. एका आठवड्यात गिरणीचा चुरा निम्म्याहून खाली आला. कल्याणचा व्यापारी माल पाहायला आला तेव्हा शेठनी मूठभर पोहे त्याच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "आमच्या मेहुण्यांनी हौदाची नवी पद्धत बसवली." मी तिथेच होतो. मेहुण्याने मान खाली घातली सुद्धा नाही.

त्याबद्दल मला फार वाटले नाही. माझे नाव पोह्यांवर छापावे अशी माझी इच्छा नव्हती. मावशीची भट्टी राहिली, कल्याणवालाही राहिला, कारण माल वाढला होता आणि दुसरी कढई लागली. पण कापलेल्या पैशांचे काय? मी विचारले तेव्हा शेठ म्हणाले, "ते झालं गेलं. तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं, तर कापले कशावरून?"

"वहीवरून. वही तुमची, भाऊ."

या उत्तराने माझे तोंड बंद होईल असे त्यांना वाटले. दोन दिवस झालेही. मग मी माझ्या पगारातले पैसे घेऊन मावशीकडे गेलो. तिने माझ्या हाताकडे पाहिलेही नाही. "तुमचं घेऊन काय करूं? तुमी थोडंच कापलं? तुमी लिवलं. मला ज्यानं कापलं त्याच्याकडनं पायजे." मी रागाने परत आलो, आणि राग तिचा नव्हता. कारण लिहिणे आणि कापणे यांत मी स्वतः इतका स्पष्ट फरक कधी केला नव्हता.

मार्च लागला, पगाराचा दिवस आला. डावा हौद धसईच्या भाताने भरलेला होता, दोन रात्री पुऱ्या झालेल्या, बारा मण. सकाळी मावशी आली, भट्टीपुढे बसली, आणि तिने लाकूड लावले नाही.

"पेटवा, मावशी," मेहुणा म्हणाला.

"माझं द्या."

"कसलं तुझं?"

"कारकून सांगतील कसलं."

कल्याणवाला दुसऱ्या कढईपाशी उभा होता. मेहुणा त्याच्याकडे वळला. तो म्हणाला, "माझा हात दुखतोय," आणि बिडी पेटवून बाहेर लिंबाखाली जाऊन बसला.

गरवे भात दोन रात्रींच्या पुढे पाण्यात राहिले तर आंबू लागते, हे आता गिरणीत सगळ्यांना माहीत होते. आम्हीच शोधून काढले होते कोणते भात किती वेळ पाण्यात राहू शकते ते. दहा वाजता शेठ आले. अकरापर्यंत ओरडले. पोलिसांना बोलावतो म्हणाले. बारा वाजता हौदाला वास येऊ लागला, तेव्हा त्यांनी मला आत बोलावले आणि विचारले, "किती?"

"नऊ रुपये दहा आणे."

"फेब्रुवारीचे नाही देणार. फेब्रुवारीत लाकूड ओलं होतं, ते तिने सांगायला हवं होतं."

हे त्यांनी कुठून काढले मला कळले नाही. लाकूड ओले निघाले तर काय, असा प्रश्न शनिवारी मावशीने मला विचारला होता. तेवढेच कानावर गेले असावे. मी म्हणालो, "सोळा घाण्यांत हाताचा दोष निघाला नाही. एका महिन्यात नाही तर दुसऱ्यात कसा असेल?" ते म्हणाले, "सोळा घाणे फेब्रुवारीच्या तेरा-चौदाला झाले. आठ तारखेचं कोणी पाहिलंय?" त्यांनी माझ्याच पद्धतीने मला उत्तर दिले होते, आणि ते उत्तर खोटे होते, आणि ते खोटे आहे हे त्यांना माहीत होते. हे मी आयुष्यात विसरणार नाही.

मी बाहेर येऊन मावशीला सांगितले, की आठ रुपये चार आणे देतात, उरलेले देत नाहीत, तू बैस, तासाभरात देतील. खरेच दिले असते. मला अजूनही तसेच वाटते. पण ती उठून हौदापाशी गेली, हात घालून ओंजळभर भात वर काढले, नाकाशी नेले आणि माझ्याकडे पाहिले.

"भात कुजवून नाय बसनार मी," ती म्हणाली. "भातानं काय केलंय?"

आणि तिने भट्टी पेटवली.

पैसे शेठनी भट्टीपाशीच आणून दिले, इंजिनवाल्यासमोर आणि हमालासमोर. पावती मला लिहायला सांगितली. मजकूर त्यांचा : 'भट्टीवरील चांगल्या कामाबद्दल बक्षीस.' मी ते लिहिले नाही. 'डिसेंबर व जानेवारीत कापलेली मजुरी परत' असे लिहिले आणि त्यांच्यापुढे धरले. बराच वेळ त्यांनी कागद हातात घेतला नाही. भट्टीपलीकडे कढईत पहिले भात तडतडू लागले होते. शेवटी सही केली. मावशीने अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि झारा उचलला.

ही गोष्ट झाली त्याला आता नऊ वर्षे होतील. मी पुढच्याच पावसाळ्यात ती नोकरी सोडली. जिथे जिथे वही आखली तिथे तिथे आधी विचारले, की यात कोणाचा रकाना राहून गेला. आणि दोनदा तरी त्यावरून माझे वरिष्ठांशी वाजले.

शेवटी देणे झाले ते असे. भट्टीवर भाजणाऱ्या बाईला, आठ रुपये चार आणे, ता. १ मार्च १९३९. एक रुपया सहा आणे दिले गेले नाहीत. त्याच महिन्यात पाडव्याला, हौदाची पद्धत सुधारल्याबद्दल, पंचवीस रुपये, मेहुण्याला.